खंडेनवमीला काढलेला प्लग

आमच्या प्रयोगशाळेत कुणी पाहुणा आला की सर माझ्या टेबलापाशी थांबायचे आणि म्हणायचे, "ही आमची साबणवाली." पाहुणा हसायचा. सरही हसायचे. मीही हसायचे, कारण मार्गदर्शकाच्या विनोदाला हसणं हा पीएच.डी.चा न छापलेला पेपर आहे आणि त्यात नापास होऊन चालत नाही. पण दर वेळी तळपायाची आग मस्तकात जायची. ज्या गोष्टीवर मी डोळे फोडले ती साबणाच्याच जातीची आहे हे खरं. ती हसण्यावारी न्यायची नाही, हेही तितकंच खरं.

ती काय आहे ते आधी नीट सांगते, म्हणजे पुढचा माझा संताप कुणाला आक्रस्ताळेपणा वाटणार नाही.

माणसाच्या, झाडाच्या, अळीच्या प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा असतो. तो स्निग्ध रेणूंचा बनलेला. या रेणूच्या डोक्याला पाणी आवडतं आणि शेपट्यांना पाण्याचा तिटकारा. म्हणून हे रेणू दोन थर करून उभे राहतात, शेपट्या आत एकमेकींकडे, डोकी बाहेर पाण्याकडे. या पडद्यात प्रथिनं रुतून बसलेली असतात. पेशीत काय यावं, काय जावं, कोणतं विष येऊन चिकटावं, हे बरंचसं त्यांच्याच हातात. अशा प्रथिनाचा अभ्यास करायचा तर त्याला पडद्यातून उपटावं लागतं, आणि उपटून नुसतं पाण्यात ठेवलं तर ते गोळा होऊन नासतं. म्हणून आमचा साबण. त्याच्या रेणूलाही डोकं आणि शेपटी असते. पाण्यात तो पुरेसा पडला की रेणू आपोआप झुंड करतात आणि शेपट्या आत लपवतात. प्रथिन भेटलं की त्याच्या कमरेभोवती पट्ट्यासारखे बसतात. प्रथिनाला वाटतं, आपण अजून आपल्या पडद्यातच आहोत.

पुस्तकात या झुंडीचं चित्र असतं. गोल गरगरीत चेंडू, त्याला टाचण्या खोचलेल्या, आणि आतल्या सगळ्या शेपट्या शाळेच्या प्रार्थनेला उभं केल्यासारख्या सरळ. या चित्राचा मला मनस्वी राग आहे. खरी झुंड अशी नसतेच. कुठली चपटी असते, कुठली लांबट. शेपट्या वाकड्यातिकड्या, काही तर पार वरच्या अंगाला येऊन पाण्याला टेकलेल्या. रेणू सारखे येतात, जातात. आमच्या साबणाचं मोजमाप मी दुसऱ्या शहरात जाऊन करून आणलं, तर झुंड चपटी निघाली. सर म्हणाले, "पोस्टरवर गोलच काढ, बेटा. गोल लोकांना समजतं." मी चपटीच काढली. त्यांनी परस्पर पोस्टर बदलून घेतलं, आणि परिषदेत माझ्या मोजमापाशेजारी तो चेंडू दिवसभर टांगलेला होता. खरं काय आहे यापेक्षा बरं काय दिसेल, याचीच या माणसाला काळजी, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

माझं प्रथिन गुलाबी बोंडअळीच्या आतड्यातलं. कापसाच्या बियाण्यात अळीला मारणारं विष असतं. ते आतड्याच्या पडद्यातल्या ज्या प्रथिनाला चिकटतं, त्या प्रथिनाचीच ठेवण बदलली आहे का, हा माझा प्रश्न. आमच्या जिल्ह्यात तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही. बोंड फोडून दाखवलं की पुरे. हिवाळ्यात मी झरीच्या आणि आमच्या ताडकळसच्या शिवारात फिरून, वेचणी संपल्यावरही फरदड म्हणून उभ्या ठेवलेल्या कापसातली किडकी बोंडं गोळा केली. झरीला एक काका बांधावरून ओरडले, "ताई, अळ्या न्यायल्यात का? मग समद्याच न्या की. लाजू नका!"

त्यांच्या मागून काकू म्हणाल्या, "आधी च्या घ्या. अळ्या कुठं पळून जायल्यात?"

एकेक बोंड फोडायचं, अळी काढायची, तिचं दोऱ्यासारखं आतडं चिमट्याने ओढून बर्फात टाकायचं. मान मोडून यायची. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, आणि त्या सगळ्या अळ्यांच्या आतड्यांतून हाती आलं ते बोटाच्या पेराएवढं द्रावण. त्यात माझं प्रथिन होतं, साबणाचा पट्टा बांधून, शाबूत.

पण साबणाच्या आधारावर ते फार दिवस तग धरत नाही. त्याला पुन्हा खऱ्या स्निग्ध पडद्यात बसवायचं होतं. त्याची रीत अशी, की प्रथिन, साबण आणि स्निग्ध रेणू एकत्र करून बारीक छिद्रांच्या पिशवीत बांधायचे आणि पिशवी मोठ्या भांड्यातल्या बिनसाबणाच्या पाण्यात सोडायची. साबणाची अख्खी झुंड छिद्रातून जाऊ शकत नाही, सुटा रेणू जातो. तो गेला की झुंडीतला दुसरा सुटतो. असा साबण ओसरत जातो तसे आत स्निग्ध रेणू आधी छोट्या छोट्या चकत्या धरतात. साबण उरतो फक्त चकतीच्या काठाला, गोधडीच्या किनारीसारखा. मग किनारही उसवते, काठ उघडे पडतात, चकत्या वळतात, मिटतात, आणि त्यांची पोकळ गोळी होते. तिच्या भिंतीत माझं प्रथिन. हे सगळं थंड कपाटात, भांड्यातलं पाणी सतत ढवळत ठेवून, अगदी सावकाश व्हावं लागतं. मध्येच ऊब लागली किंवा ढवळणं थांबलं तर अर्धवट उघडी पडलेली प्रथिनं एकमेकांना चिकटून नासतात. दह्याचं पुन्हा दूध होत नाही, तसं ते परत येत नाही.

अर्धं द्रावण राखून का ठेवलं नाही, असं नंतर मला बऱ्याच शहाण्यांनी विचारलं. ज्यांनी कधी अळीचं आतडं हातात धरलं नाही त्यांनी जास्त विचारलं. पेरभर द्रावणाचं अर्धं केलं असतं तर दोन्ही अर्धी मोजता न येण्याइतकी झाली असती. म्हणून सगळं एकाच पिशवीत होतं.

पिशवी सोडली आणि दुसऱ्या दिवशी खंडेनवमी आली. तिच्या दुसऱ्या दिवशी दसरा. आमचं घर बौद्ध. दसऱ्याला ताडकळसच्या आमच्या विहारात धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस असतो, माय माझी पांढरी साडी इस्त्री करून दारात वाट बघत बसते. मी रजेचा अर्ज आधीच दिला होता. थंड कपाटाच्या दारावर मोठ्या अक्षरात कागद चिकटवला, बंद करू नये. माझ्याबरोबरच्या विद्यार्थ्याला, जो रोज माझ्या डब्यातली भाकरी खातो, दोनदा बजावलं. सरांनाही सांगितलं. ते म्हणाले, "जा बेटा, निवांत जा." मी सकाळच्या बसने निवांत गेले.

खंडेनवमीला आमच्या प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा होते. माझा तिला कधी आक्षेप नव्हता. मी वाढलेच तशा पूजा बघत. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, लाइट ऑफिसात लायनमन होते. खंडेनवमीला त्यांच्या सबस्टेशनात पकडी, शिड्या, दोर मांडून हळदकुंकू वाहायचे. दादा पूजेला बसत नसत, पण आदल्या दिवशी शिडी घासूनपुसून तेच ठेवायचे. ट्रान्सफॉर्मरला झेंडूचा हार असायचा, तो मात्र बाहेर, कुंपणाच्या जाळीला बांधलेला. ट्रान्सफॉर्मर बंद करून त्याला हार घालावा, असं त्या माणसांच्या स्वप्नातही आलं नसतं. आपलं हत्यार काय करतं हे ज्यांना कळतं, ते त्याची पूजा करतात तीही शहाण्यासारखी.

आमच्या सरांनी काय केलं ते ऐका. पूजा मांडली ती थंड कपाटासमोर, कारण तेच सगळ्यात मोठं आणि चकचकीत. त्याला हार घातला. मग त्यांना वाटलं, फोटोत शोभा येत नाही. कुणीतरी रंगीत दिव्यांची माळ आणली. माळेचा प्लग लावायला जवळचा बोर्ड एकच, आणि त्यावर माझं कपाट आणि ढवळायचं यंत्र. सर म्हणाले, "काढ रे ते जरा, फोटोपुरतं." प्लग काढला, माळ लागली, फोटो झाला, प्रसाद झाला, मंडळी घरी गेली. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. ऑक्टोबरातल्या परभणीच्या उकाड्यात बंद खोलीत ती माळ दिमाखात लुकलुकत राहिली आणि शेजारी माझं कपाट तापत राहिलं. दसऱ्याला फोटो ग्रुपवर आला तेव्हा मी विहारात खिरीच्या रांगेत उभी होते. लाल-हिरव्या दिव्यांत न्हालेलं माझं कपाट बघून मी त्याला अंगठासुद्धा दिला. कपाटाच्या दारावरचा माझा कागद हाराखाली गेला होता, हे मला नंतर दिसलं.

परत आले तर पिशवीत पांढरं फुटकं दूध. मी ती उजेडाकडे धरली, हलवली. गुठळ्या तळाला गेल्या. मग माझ्या भाकरीच्या वाटेकऱ्याने सगळं सांगितलं. त्या सकाळी माझ्या आधी येऊन त्यानेच प्लग परत लावला होता. "मी तेव्हाच म्हणलो होतो, सर, त्याच्यात तिचं सँपल हाय. तर म्हणले, पाच मिंटात काय व्हायलंय?"

"हे तू लिहून देशील?" मी विचारलं.

तो फरशीकडे बघायला लागला. "माझ्या प्रबंधावर सही कुणाची लागती, तुला मालूम हाय न."

त्याच्यावर मी फार चिडले नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार काय असतो ते मलाही ठाऊक आहे. चिडले ती सरांवर, आणि तेही प्लगवरून नव्हे. प्लगाचं एक वेळ मी गिळलं असतं. मी केबिनमध्ये गेले तेव्हा त्यांनी एवढंच म्हणायला हवं होतं की, चुकलं, मी काढायला लावला. ते म्हणाले, "बस बेटा. संशोधनात हे व्हायचंच. मी तुझ्यावर रागावलेलो नाही."

रागावलेले नाहीत! चोराच्या उलट्या बोंबा ऐकून होते, पण चोराने घरमालकाला मऊ आवाजात माफ केलेलं पहिल्यांदाच बघत होते.

माझी मुदत संपत आली होती. वाढवून मिळाली तर येत्या हिवाळ्यात पुन्हा बोंडं गोळा करून सगळं पहिल्यापासून करता येणार होतं. न मिळाली तर शिष्यवृत्तीही बंद आणि पीएच.डी.ही बुडाली. मुदतवाढीसाठी समितीला खुलासा द्यायचा होता, नमुना का नासला याचा, आणि त्यावर सरांची सही हवी होती. सर म्हणाले, "लिही, अचानक वीजपुरवठा खंडित झाल्याने नमुना खराब झाला. मी शिफारस करतो. कोणी एक प्रश्न विचारणार नाही."

"सर, लाइट गेली नव्हती."

"परभणीत लाइट जात नाही असं कोण म्हणेल?"

"जाते, रोज जाते. पण त्या दिवशी नव्हती गेली. त्याच लाइटवर तुमची माळ लागली होती."

त्यांचा चेहरा थोडा आवळला. मग ते पुढे झुकून फार समजूतदारपणे म्हणाले, "ठीक आहे. मग असं लिही, विद्यार्थिनी रजेवर असल्याने देखरेख झाली नाही. हे तर खोटं नाही ना? तुमच्या लोकांचा सण असतो, तुम्ही जाता. आम्ही कधी अडवलंय?"

तुमच्या लोकांचा सण. त्यांनी पूजा केली ती संस्थेची परंपरा, आणि मी घरी गेले तो माझ्या लोकांचा सण. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशाने दोरीचा रंग निवडायचा. निळी घेतेस की पांढरी? मी उठले, कारण आणखी बसले असते तर तोंडातून काय आलं असतं याची मला खात्री नव्हती.

पुढे मी जो खुलासा लिहिला त्यावर सरांनी सही केली नाही, हे इथेच सांगून टाकते. सहीविनाच मी तो खुलासा समितीकडे दिला. तो अजून तिथेच आहे, आणि मी अजून साबणवालीच आहे. मला सांगायचं आहे ते केबिनमधून उठले त्यानंतरच्या रविवारचं.

त्या रविवारी मी ताडकळसला गेले. घरी जाऊन सगळं एका दमात ओकले. माय म्हणाली, "त्या मास्तरच्या तोंडाला कुलूप लागो," आणि चुलीपुढे जाऊन भाकरी जोरात थापायला लागली. दादा खाटेवर बसून ऐकत होते. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत, झरीच्या रस्त्यावर तार तुटली होती तेव्हाची ती खूण. ऐकताना ते ती बोटं दुसऱ्या हाताने दाबत राहतात. माझं बोलणं संपलं तसे म्हणाले, "लाइट गेली म्हणून लिही की मग."

मला वाटलं, मी नीट सांगितलं नाही. "दादा, खोटं हाय ते. लाइट गेलीच न्हवती."

"मला नगं सांगू. दसऱ्याला आमी लाइट जाऊ देत न्हाई." हे म्हणताना क्षणभर त्यांची मान ताठ झाली. मग पुन्हा खाली आली. "पर लिही. पोरगं नापास झालं, लाइट गेली. मोटर जळली, लाइटवाल्यानं जाळली. लग्नात बँड बंद पडला, लायनमन कुठं मेला. लय ढकललंय लोकायनं आमच्यावर. अजून एक ढकल. आमच्या अंगाला सवय हाय. तुजी डिग्री व्हईल."

इतके दिवस मी रागावले होते असं मला वाटत होतं. खरा राग मला तिथे, त्या खाटेच्या कडेला बसून आला. माझ्या सगळ्या लहानपणी दादा एकाही दसऱ्याला घरी नव्हते. गावात, तालुक्यात लोकांच्या घरी दिवे लागलेले राहावेत म्हणून ते सबस्टेशनात असायचे. आम्ही मायचा पदर धरून विहारात जायचो आणि ते खाकीतच, कमरेला पकड लटकवून, वंदना संपता संपता धापा टाकत यायचे, सगळ्यात मागे उभे राहायचे. एकदा वादळाने लाइट गेली तर गिरणीवाला आमच्या दारात येऊन, आम्हा पोरांसमोर, त्यांना आईबहिणीवरून बोलून गेला. दादांनी सगळं ऐकून घेतलं, शिडी उचलली आणि त्याच्याच गिरणीच्या खांबावर चढायला गेले. मी तेव्हा दाराआड उभी होते आणि मला त्या माणसाला चावावंसं वाटलं होतं. आता एका कपाटाच्या फोटोसाठी, एका शिकलेल्या माणसाच्या अब्रूसाठी, तेच पुन्हा त्यांच्या दारात आणून टाकायचं होतं, आणि या वेळी ते आणणार कोण, तर मी. आणि ते खुशाल घे म्हणत होते. इतकं सोसून सोसून माणसाला आपल्यावरचा आळ हीसुद्धा लेकीला देता येण्यासारखी चीज वाटावी, याची मला लाज वाटली. त्यांची नाही. ज्यांनी त्यांना ही सवय लावली त्यांची.

मी पिशवीतून कागद काढला आणि तिथेच लिहायला बसले. पट्ट्याबद्दल, चकत्यांबद्दल, थंडाव्याबद्दल लिहिलं. माळ कुणी लावायला सांगितली, प्लग कुणी काढायला सांगितला, ते लिहिलं. मी रजेवर होते आणि ती रजा मंजूर होती, हेही लिहिलं. दादा माझ्याकडे बघत होते. लिहून झाल्यावर म्हणाले, "वाच."

मी सगळं वाचून दाखवलं. त्यातलं अर्धं त्यांना कळलं नसेल. वाचून होताच ते माझ्यावर कडाडले, "अक्कल हाय का तुला? मास्तरशी वैर घ्यायलीस? इतकी वर्षं मातीत घालतीस का? ह्याच्यावर सही करतोय का त्यो?"

"नसू दे करत."

मायचं भाकरी थापणं थांबलं होतं. दादा उठले, दारापर्यंत गेले, बाहेर बघत उभे राहिले. मग माझ्याकडे न वळताच म्हणाले, "पयलं वाक्य परत वाच."

मी वाचलं, "त्या दिवशी वीज गेली नव्हती."

"जरा मोठ्यानं वाच," ते म्हणाले. मी मोठ्याने वाचलं.